शंभर पाण्यांनी धुतलेलं तूप

माझं माहेर मिरजेचं. मिरजेत तंबोऱ्यांना आणि डॉक्टरांना तोटा नाही. पण गरोदर बाईच्या पोटावर रेघा उठल्या, की डॉक्टरांचा नंबर फार उशिरा लागतो. त्याआधी गोतावळा येतो. चुलत, मावस, आत्ये अशा क्रमाने येतो, चहा घेतो, 'बघू तरी' म्हणतो आणि बघून झाल्यावर 'अगं बाई!' म्हणतो. या 'अगं बाई'नंतर प्रत्येकीकडे एक उपाय असतो आणि तो तिच्या नणंदेच्या जावेला हमखास लागू पडलेला असतो. स्वतःला लागू पडलेला उपाय मात्र एकीनेही सांगितला नाही.

सातव्या महिन्यात मला खाज सुटली. पोट ताणलं, कातडी कोरडी पडली की खाज सुटायचीच. पण माझा हात पोटाकडे वळला रे वळला, की स्वयंपाकघरातून, ओसरीवरून आणि एकदा तर शेजारच्या गच्चीवरून 'नख लावू नकोस' असा आवाज यायचा. नखाने खाजवलं की वळ उठतात आणि ते जन्मभर जात नाहीत, असा आमच्याकडचा सिद्धांत. आजीने फडताळातून शिसवी फणी काढून माझ्या हातात दिली. खाजवायचं तर हिने. मी निमूटपणे फणीने खाजवलं. रेघा उठल्या. आजीने फणी उजेडात धरली, डोळ्यांजवळ नेली आणि निदान केलं, "एक दात तुटकाय हिचा. तरीच!"

आमचे एक मामा वैद्य आहेत. ते आले ते थेट चरकसंहिता घेऊनच. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात या रेघांना किक्किस म्हटलंय, हे त्यांनी चष्मा पुसत सांगितलं. तिथली हकिगत मोठी गमतीची आहे. सातव्या महिन्यात गर्भाला केस फुटतात आणि म्हणून आईला जळजळ होते, असं बायका म्हणतात, असं चरकात नोंदवलंय. आणि लगेच पुढे, भगवान आत्रेयांना हे मान्य नाही, असंही नोंदवलंय. त्यांच्या मते गर्भाचा दाब पडून दोष छातीशी येतात, त्याने जळजळ होते, जळजळीतून खाज आणि खाजेतून किक्किस.

हे ऐकून आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "म्हणजे तेव्हाही बायका बोलायला लागल्या की पुरुष मध्येच 'छे' म्हणायचे."

आईची बाजू घेणारा पुरावा फार उशिरा आला. २००६ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ६४ गर्भवतींना जळजळीविषयी विचारलं आणि बाळं जन्मल्यावर त्यांचे केस पाहिले. त्यांच्या अपेक्षेच्या अगदी उलट निघालं. जिला जळजळ जास्त, तिच्या बाळाला जावळ दाट. आत्रेय मुनींना कळवायची आता सोय नाही, पण मामांना कळवलं. ते म्हणाले, "६४ म्हणजे फारच कमी." चरकाने उपायही सांगितलेत. बोरांच्या पाण्यातून औषधी लोणी पोटात घ्यायचं, चंदन आणि कमळाच्या देठांचा लेप पोटावर लावायचा आणि कातडी विद्रूप होऊ नये म्हणून खाजवायचं नाही. फणीचा उल्लेख नाही. आजीच्या मते हा ग्रंथाचा दोष आहे.

त्यानंतर माझ्या पोटावर तेलांची पाळी लावण्यात आली. सकाळी खोबरेल, दुपारी बदाम, रात्री एरंडेल. सासूबाईंनी साताऱ्याहून नारायण तेल पाठवलं. न्यू जर्सीच्या नणंदेने कोको बटरचा डबा पाठवला आणि वर फोनवर बजावलं, "वहिनी, इथे सगळ्या हेच लावतात." कोको बटरची रीतसर परीक्षा लेबननमध्ये झाली आहे आणि जमैकातही. दोन्हीकडे निम्म्या बायकांना कोको बटर दिलं, निम्म्यांना तसंच दिसणारं साधं लोशन. रेघा दोन्ही गटांत सारख्याच उठल्या. वन्संना हे सांगायचं धाडस घरात कोणी केलं नाही, कारण डबा मोठा होता आणि वास फार छान होता. शेवटी तो सगळा आईच्या टाचांच्या भेगांना लागला आणि तिथे गुण आला.

पण या सगळ्यांवर कडी केली ती शतधौत घृताने. हे मामांचं सुचवणं. तांब्याच्या परातीत गाईचं तूप घ्यायचं, त्यात गार पाणी घालून तळहाताने फेसायचं, पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नवं घालायचं. असं शंभर वेळा. शनिवारी पुण्याहून आलेल्या माझ्या नवऱ्याला आईने चहाआधी परातीपुढे बसवलं. जावयाला कामाला लावण्याची आमच्याकडे पद्धत नाही, पण 'हे प्रकरण कोणामुळे उद्भवलं' असा एक प्रश्न तिने हवेत सोडला होता. तो बिचारा शर्टाच्या बाह्या दुमडून तूप फेसू लागला. पिवळं तूप हळूहळू फिकं होत गेलं, त्याचा वास उडाला, रवाळपणा गेला आणि ते लोण्यासारखं मऊ पांढरंशुभ्र होऊ लागलं. साठीच्या घरात आकडा असताना त्याच्या ऑफिसचा फोन आला. फोन ठेवून परत बसला तो आकडा विसरूनच. "एकसष्ट की एकाहत्तर?" असं त्याने विचारताच आईने शांतपणे सांगितलं, "पहिल्यापासून मोजा."

दुसऱ्या फेरीत त्याने डाव्या हाताने फोनवर वाचन सुरू केलं. कोक्रेन नावाची एक जगन्मान्य संस्था आहे, ती औषधांविषयीचे अभ्यास गोळा करून त्यांचं सार काढते. २०१२ साली तिने गरोदरपणात पोटाला लावायच्या क्रीम-तेलांचे सहा अभ्यास तपासले. त्यांत मिळून ८०० बायका होत्या. निष्कर्ष असा, की यातल्या कशानेही रेघा टळतात असा भरवशाचा पुरावा नाही. नवऱ्याने मोठ्या आशेने हे आईला वाचून दाखवलं. आईने विचारलं, "त्या आठशेंत मिरजेची कोणी होती का?" तो पुन्हा तूप फेसू लागला.

तूप मात्र झकास झालं. लावलं की खाज थांबायची, गार वाटायचं, झोप लागायची. रेघांनी त्याची दखल घेतली नाही.

एव्हाना डॉक्टरांचा नंबर लागला. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी भिंग लावून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आईला आहेत का अशा?" मी आईकडे पाहिलं. आईने औषध कंपनीच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "थोड्या आहेत," ती म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या. रेघा उठणार की नाही, हे बरंचसं घराण्यावर ठरतं. आईला असल्या तर लेकीला उठण्याची शक्यता जास्त. वय कमी, वजन झपाट्याने वाढलेलं, बाळ मोठं, ही बाकीची कारणं. शिवाय गरोदरपणातली संप्रेरकं कातडी आधीच सैल करून ठेवतात. निम्म्याहून जास्त बायकांना या रेघा उठतातच, काही अभ्यासांत हे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत गेलंय. थोडक्यात, फणी, नखं आणि शेजारची गच्ची या सगळ्यांची निर्दोष सुटका झाली आणि रेघा माहेरहून आल्याचं सिद्ध झालं. ही बातमी साताऱ्याला पोचली तेव्हा सासूबाईंचा आवाज बऱ्याच दिवसांनी मोकळा वाटला.

डॉक्टरीणबाईंनी पुढे जे सांगितलं ते मला फार पटलं. कातडीच्या खालच्या थरात कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे धागे असतात. ताणाने तुटतात ते हे. तेल वरच्या थरावर बसतं. "ब्लाऊजचं अस्तर उसवलंय," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही वरून इस्त्री फिरवताय." कोरडेपणा आणि खाज यांसाठी कुठलंही साधं मॉइश्चरायझर लावा, घरचं खोबरेल लावा, ज्याच्या किमतीने झोप उडणार नाही असं काहीही लावा. पण दोन गोष्टींची त्यांनी ताकीद दिली. मेडिकलच्या दुकानातून न विचारता खाजेचं मलम आणायचं नाही, कारण त्यांतल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं आणि ते फार दिवस लावलं तर कातडी पातळ होऊन त्यानेच नव्या रेघा उठतात. आणि शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, असह्य खाज सुटली तर ती पोटाच्या ताणाची म्हणून अंगावर काढायची नाही. ती यकृताची तक्रार असू शकते, तेव्हा लगेच दवाखाना गाठायचा.

"पण घालवायच्या कशा?" मी विचारलं.

रेघा आधी लाल-जांभळ्या असतात, मग महिन्या-वर्षांत पांढुरक्या होतात. ट्रेटिनॉइन नावाचं एक क्रीम लाल रेघांना बऱ्यापैकी लागू पडतं, असं अमेरिकेत १९९६ मध्ये दिसलं होतं. पांढऱ्या झाल्या की त्याचा फारसा उपयोग नाही. आणि हे क्रीम गरोदरपणी चालत नाही, अंगावर पाजत असतानाही डॉक्टर ते टाळायलाच सांगतात. म्हणजे ज्या दिवसांत औषध लागू पडतं त्या दिवसांत ते लावायचं नाही, आणि लावायची मुभा मिळेपर्यंत रेघा पांढऱ्या. सरकारी योजनाही इतक्या कौशल्याने आखलेल्या नसतात. लेझर आहे, बारीक सुयांचं मायक्रोनीडलिंग आहे. त्यांनी रेघा फिकट होतात, समूळ जात नाहीत. सिटिंगा बऱ्याच लागतात, पैसे त्याहून जास्त लागतात आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर हात चुकला तर रेघेच्या जागी काळा डाग पडायची भीती.

यानंतर माझं सिझर झालं, तेव्हा या रेघांच्या सोबतीला एक व्रणही आला. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, त्यामुळे यात नवलाई काही नव्हती. तरीही भेटायला येणाऱ्या प्रत्येकीने बाळाचं नाक कोणावर गेलंय हे ठरवून झालं, की हळूच विचारलं, "उभं की आडवं?" आडवं. ओटीपोटावर आडवा छेद घ्यायची ही रीत फानेनश्टील नावाच्या जर्मन डॉक्टरने १९०० मध्ये मांडली. ती जखम कपड्यांत झाकते, एवढीच माहिती मामींना पुरेशी वाटली.

व्रणाच्या बाबतीत मात्र, रेघांसारखं नाही, करण्यासारखं खरोखर काही असतं. जखम कोरडी ठेवायची, जड उचलायचं नाही, लाल होऊन सुजली, पू आला किंवा ताप आला तर थांबायचं नाही. टाके नीट भरून आल्यावर सिलिकॉनचं जेल किंवा पट्टी लावली तर व्रण दबतो, मऊ पडतो. ज्यांच्या घरात व्रण फुगून वाढायची, म्हणजे कीलॉइडची खोड आहे त्यांनी आधीच सांगावं. त्यावर इंजेक्शनं असतात. व्रण निवळायला वर्ष-दीड वर्ष लागतं. आजूबाजूची कातडी कित्येक महिने बधिर राहते. आणि पूर्ण भरल्यावरही त्या जागेची ताकद मूळच्या ८० टक्क्यांच्या पुढे जात नाही. पहिलीपासून ८० टक्क्यांच्या पुढे न गेलेली मी, मला यात अपमान वाटला नाही.

सिझरनंतर मालीश पोट सोडून व्हायचं. हातापायांना तेल लावायला येणाऱ्या मावशी साठीच्या होत्या. चौथ्या-पाचव्या दिवशी मी न राहवून त्यांना विचारलं, "मावशी, ह्या रेघा जातात का हो?" त्यांनी तेलाचे हात पुसले, पदर बाजूला केला आणि स्वतःचं पोट दाखवलं. बेंबीपासून खाली रुपेरी, तलम, ठिकठिकाणी एकमेकींत मिसळलेल्या रेघा. "चार बाळंतपणं झाली पोरी. आन् चाळीस वर्सं दुसऱ्याच्या पोटाला त्याल चोळतीया. जाणारं आसतं तर माझंच न्हाई का गेलं?" पुढे म्हणाल्या, "त्याल कशाला लावत्यात? तेवढाच येळ बाईला कुणी उठ म्हनत न्हाई म्हनून." तेलाविषयी मी ऐकलेलं हे एकमेव पटण्याजोगं शास्त्र.

आता दिराची गोष्ट. बारशाला तो आला तो बिनबाह्यांचा टी-शर्ट घालून. जिममध्ये जातो. दंडाच्या वर, खांद्याशी त्याने अभिमानाने बोट ठेवलं. "वहिनी, हे बघा. मसल इतका फास्ट वाढला ना, की स्किन फाटली." तिथे तशाच लाल-जांभळ्या रेघा होत्या. डॉक्टरांच्या पुस्तकात या रेघांचा आणि माझ्या रेघांचा आजार एकच. एकदम उंच झालेल्या मुलांच्या पाठीवरही उठतात त्याच. पण बारशाला जमलेल्या बायकांतल्या एकीनेही त्याला बदाम तेल सुचवलं नाही. 'अगं बाई' तर सोडाच, 'अरे बाबा'ही कोणी म्हटलं नाही. उलट आत्या कौतुकाने म्हणाल्या, "मेहनत दिसते हो!" दोन किलो डंबेल उचलल्याची ती मेहनत, आणि तीन किलोचं माणूस नऊ महिने वागवल्याचा तो डाग!

तेव्हा माझा निवाडा असा आहे. रेघा घालवायच्या असतील तर लाल आहेत तोवर चांगल्या त्वचारोगतज्ज्ञाला विचारावं, किती फिकट होतील आणि किती पैसे पडतील हे आधी स्पष्ट करून घ्यावं, आणि हौसेने करावं. घालवायच्या नसतील तर त्या आपणहून फिकट होतात, फुकट. व्रणाची मात्र काळजी घ्यावी, तिथे आळस नको. आणि बाळंतिणीला भेटायला जाणाऱ्या समस्त गोतावळ्याला विनंती, की तिच्या पोटासाठी काही न्यायचंच असेल तर तूप न्या. ते धुवू मात्र नका. डिंकाच्या लाडवांत घालून न्या.