टाकाऊ, टिकाऊ, करपात्र

असेम्ब्लाज या शिल्पप्रकारात शिल्पकार दगड फोडत नाही, माती मळत नाही. तो फक्त काही टाकून देत नाही. सापडलेल्या, वापरून झालेल्या किंवा वारसाहक्काने गळ्यात पडलेल्या वस्तू जोडल्या की शिल्प तयार होते. वस्तू माळ्यावर असेल तर ती अडगळ. कलादालनातल्या चौथऱ्यावर चढली की तिला शीर्षक, साल आणि विमा मिळतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९६१ साली या प्रकाराचे मोठे प्रदर्शन भरवले आणि अडगळीला सरळ अभ्यासक्रमातच जागा मिळाली.

सर्वांत आटोपशीर उदाहरण पिकासोचे. १९४२ साली त्याने सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचे मुंडके केले. सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगे, संपले. प्रेक्षकाला आधी बैल दिसतो, मग सायकल दिसते, आणि मग 'यात काय, हे मलाही सुचले असते' असे वाटते. हे सुचणे नेहमी पिकासोनंतरच होते, ही या कलेतली मुख्य अडचण.

घरगुती शाखेचा मेरुमणी म्हणजे जोसेफ कॉर्नेल. कलाशिक्षण न घेतलेला हा गृहस्थ न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आई आणि आजारी भावासोबत राहिला. मातीच्या चिलिमी, काचेचे पेले, नकाशे, गोट्या असा ऐवज तो जुन्या दुकानांतून गोळा करी, तळघरात नीट वर्गवारी लावून ठेवी आणि दर्शनी काच असलेल्या पेट्यांत मांडी. 'लागेल कधीतरी' या तत्त्वावर घरोघरी हेच साठते. कॉर्नेलला ते खरोखर लागले, एवढाच फरक. १९७२ साली त्याने मुलांसाठी प्रदर्शन केले तेव्हा पेट्या मुलांच्या उंचीवर टांगल्या होत्या. मोठ्यांना वाकावे लागले.

प्रदर्शनात वस्तूपेक्षा शेजारची पट्टी आधी वाचण्याची पद्धत आहे. पट्टीवर 'मिश्र माध्यम' लिहिलेले असले, तर यादी करायचा कंटाळा आला असे समजावे. पट्टी नीट दिसली नाही तर काय होते, हे इटलीतल्या बोल्झानो शहरात २०१५ साली कळले. तिथल्या संग्रहालयात रिकाम्या बाटल्या आणि सिगारेटची थोटके पसरून मांडणशिल्प केले होते. सफाई कर्मचाऱ्यांनी ते रात्रीच्या पार्टीचा पसारा समजून पिशव्यांत भरले. संग्रहालयाने पिशव्या उघडल्या आणि पसारा पुन्हा, नियमानुसार, घातला.

समीक्षक आणि सफाई खाते यांच्यानंतर तिसरा जाणकार येतो तो कर खाते. रॉबर्ट रॉशेनबर्गच्या १९५९ च्या 'कॅन्यन' या कलाकृतीत कॅनव्हासवर रंग आणि छायाचित्रे आहेत, खाली दोरीने लोंबणारी उशी आहे आणि उशीच्या वरच्या बाजूला पंख पसरलेला, पेंढा भरलेला टकला गरुड आहे. हा अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी. १९४० च्या कायद्याने त्याची विक्री गुन्हा. कलाकृतीच्या मालकीणबाई इलिआना सोनाबेंड २००७ साली वारल्या. जे विकताच येत नाही त्याची किंमत शून्य, असा निर्वाळा मूल्यांकनकारांनी वारसांना दिला. कर खात्याने तीच किंमत साडेसहा कोटी डॉलर लावली आणि सुमारे २ कोटी ९० लाखांचा कर मागितला. म्हणजे विकले तर तुरुंग, ठेवले तर दिवाळे. अखेर २०१२ साली तडजोड झाली: वारसांनी कलाकृती म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला दान केली आणि कराचे भूत उतरले.

सारांश, अडगळीची कला होते की नाही यावर समीक्षकांचे एकमत होणार नाही. सरकारची मात्र खात्री आहे. तेव्हा माळा आवरताना पेंढा भरलेला पक्षी निघाला, तर भंगारवाल्याच्या आधी वकिलाला बोलवावे.