रुंदी कोण मोजणार?

गाडी घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला. ‘किती देते?’ विकणाऱ्याचं उत्तरही ठरलेलं. ‘सव्वीस, साहेब!’ सव्वीस खोटे नाहीत. फक्त ते मुंबईच्या शीव कोळीवाड्यातले नाहीत.

मायलेजचे हे आकडे निघतात पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणीकेंद्रांत. गाडी जागेवर, चाकं रोलरवर, एसी बंद. खड्डा नाही, हातगाडी नाही, मधेच वळणारी टॅक्सी नाही. सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास. संध्याकाळी सात वाजता आमच्या गुरू तेग बहादूर नगर स्टेशनबाहेर हा वेग कुणी पाहिलाय?

उभ्या गाडीचं मायलेज शून्य असतं.

१ ऑगस्ट २०२४ ला शीवचा १९१२ सालचा रेल्वेपूल पाडण्यासाठी बंद झाला आणि इथल्या गाडीवाल्यांना हे शून्य रोज भेटू लागलं. अशा थांबत-थांबत चालणाऱ्या रस्त्यावर पेट्रोल खातं ते वजन. प्रत्येक सिग्नलला सगळा बोजा पुन्हा शून्यापासून ओढायचा आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबून ती सगळी मेहनत वाया घालवायची. आठशे किलोच्या आतली अल्टो इथे हजार किलोंच्या पुढच्या एसयूव्हीला भारी पडते. तरीही देशात विकल्या जाणाऱ्या गाड्यांत अर्ध्याहून जास्त एसयूव्हीच!

बरं, मायलेजसाठी किती जादा मोजायचे? वर्षाला सहा हजार किलोमीटर धरा. लिटरला पंधरा देणारी ४०० लिटर पिते, अठरा देणारी ३३३. फरक ६७ लिटरचा. मुंबईत पेट्रोलने मे २०२१ मध्येच शंभरी ओलांडली, म्हणजे हा फरक वर्षाला साधारण सात हजारांचा. त्यासाठी पाऊण लाखाने महाग मॉडेल घेतलं तर पैसे वसूल व्हायला दहाहून जास्त वर्षं जातात.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तिचं वय आधी बघावं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, असं म्हटलं होतं. इथेनॉलमुळे ऊसवाल्यांना भाव मिळावाच. पण घट सोसणाऱ्याला पंपावर सूट कुठे आहे?

आता ‘छोटी गाडी’ म्हणजे काय ते पाहू. २००६ च्या अर्थसंकल्पाने व्याख्या केली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. कर कमी झाला, उत्तम. पण त्या व्याख्येत रुंदीचं नावच नाही!

अल्टो के-टेन १४९० मिलिमीटर रुंद, पेट्रोल नेक्सॉन १८०४. फरक फूटभराचा. कर दोघींना सारखाच. कोळीवाड्याच्या गल्लीत मात्र त्या एका फुटावर आरसा वाचतो किंवा जातो.

जपानने रुंदी मोजली. तिथली ‘केई’ गाडी १.४८ मीटरपेक्षा रुंद असूच शकत नाही. १४ डिसेंबर १९८३ ला रस्त्यावर आलेली आपली मारुती ८०० त्याच जातकुळीतली. आणि जपान कशाला, शेजारच्या कुर्ल्यात बघा. प्रीमियरच्या कारखान्यातली पद्मिनी दीड मीटरच्या आतच रुंद होती. टपावर ट्रंका, आत अख्खं कुटुंब घेऊन ती या शहरात टॅक्सी म्हणून २९ ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. तिची जागा घेणाऱ्या गाड्या एवढ्या फुगल्या कशासाठी?

उभी कुठे करणार, हा पुढचा प्रश्न. पार्किंगचा दाखला नसेल तर नोंदणी नाही, असं परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये सांगितलं. जपानमध्ये असा कायदा १९६२ पासून आहे. आपल्याकडे लोक गाडी आधी घेतात आणि जागा नंतर शोधतात. तोवर ती शेजाऱ्याच्या दारात!

म्हणून शोरूमसमोरच्या रुंद रस्त्यावर टेस्ट ड्राइव्ह घेऊ नका. गाडी तुमच्या गल्लीत मागवा. रविवारी सकाळी नव्हे, कामाच्या दिवशी रात्री नऊला, दोन्ही बाजूंना स्कूटर लागल्यावर. विकणारा नाही म्हणाला तर दुसरा गाठा.

एवढं सांगूनही अल्टोच घ्या, असं मी म्हणणार नाही. ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या धडक-चाचणीत अल्टो के-टेनला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी दोनच तारे मिळाले. २०२५ मध्ये तिच्यात सहा एअरबॅग आल्या, हे चांगलंच झालं. पण एअरबॅग मोजणं वेगळं आणि धडकेत पास होणं वेगळं. दुसऱ्या एका छोट्या गाडीला, टियागोला, २०२० मध्ये चार तारे मिळाले होते. तेव्हाचे नियम आजच्यापेक्षा सैल होते, हेही लक्षात ठेवा. टियागो अल्टोपेक्षा रुंद आहे, वजनदार आहे, लिटरला थोडं कमी देते. दादर-परळच्या पलीकडे गाडी जाणारच नसेल तर अल्टो पुरे. पण गणपतीला कोकणात जायचं असेल, एक्सप्रेसवे गाठायचा असेल आणि मागच्या सीटवर पोरं असतील, तर वर्षाचे ते साठ-सत्तर लिटर जळू द्या.