गळास गांडूळ लावणेबाबत मार्गदर्शक सूचना (खानदेश विभाग)

गळाला मासा कसा लावावा हे कुणीही सांगेल. जळगावात मेहरूणच्या काठावर काठी घेऊन उभे राहा, न विचारता चौघे सांगतील. खानदेशातला खरा प्रश्न त्याआधीचा आहे: गळाला लावायचे गांडूळ आणावे कुठून? मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांना टेकतो, काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि गांडूळ खाली ओलीत जाऊन, अंगाचे वेटोळे करून पडून राहते. चांगला पाऊस झाल्याशिवाय ते वर येत नाही. सबब या सूचनांचा बराच भाग कोरड्या जमिनीवरच खर्ची पडेल. पाण्यापर्यंत पोचायची घाई असलेल्यांनी सरळ कणीक मळावी.

इंग्लंडमध्ये विलास्टन नावाच्या गावी १९८० पासून गांडुळे वर काढण्याच्या स्पर्धा भरतात. तीन मीटर लांब-रुंद हिरवळीचा तुकडा, अर्धा तास वेळ. जमिनीत काटा रोवून तो हलवायचा की हादऱ्याने गांडुळे वर येतात. उलट डार्विनने गांडुळांची कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला, तर ती बिळात पळाली. त्याचे गांडुळांवरचे पुस्तक १८८१ चे आहे. म्हणजे संगीताविषयी गांडुळांमध्ये एकमत नाही. पण चाळीसगाव ते शिरपूर भर उन्हाळ्यात डीजे फिरवलात तरी आपले गांडूळ वर येणार नाही, याची हमी देता येते.

तेव्हा रावेर-यावलची केळी गाठावी. ठिबकच्या तोटीखालची माती बारमाही ओली असते, वर कुजक्या पानांचे आच्छादन. गांडुळाला आणखी काय हवे? मात्र बागेत परस्पर शिरू नये. बांधावरून हाक द्यावी, “आप्पा, चार गांडुळं घेऊ का?” आप्पा म्हणतील, “घ्या ना भो, त्यात काय इचारता! पहिले चहा घ्या.” चहाबरोबर केळीचे भाव येतात, भावापाठोपाठ पीकविमा येतो, आणि विम्याचे ऐकून होईपर्यंत दहा वाजलेले असतात. हा वेळ गृहीत धरूनच घरून निघावे. खुरपे वापरावे, कुदळ नको. ठिबकची नळी तुटली तर पुढचा चहा मिळत नाही.

धुळे शहरातल्या उमेदवारांनी मोरीचे पाणी जिथे अळूला सोडलेले असते ती जागा पाहावी. गांडूळखताच्या खड्ड्यावर डोळा ठेवू नये. तिथली आयसेनिया फेटिडा ही परदेशी तांबडी जात किलोवर विकत आणलेली असते आणि डिवचली की पिवळा, उग्र वासाचा रस सोडते. शिवाय खड्ड्याच्या मालकाला आपली गांडुळे चेहऱ्याने ओळखू येतात असा त्याचा समज असतो.

गांडूळ कातडीवाटे श्वास घेते, म्हणून डबा ओल्या मातीचा, सावलीत आणि ओल्या बारदानाखाली ठेवावा. ओवताना बोटांना कोरडी माती लावावी, नाहीतर ते निसटते. अंगावर फिकट पट्टा असतो त्या बाजूला तोंड. तिकडून गळ घालून अंगातून सरकवत न्यावा, टोक झाकावे आणि शेपटीचा अर्धा इंच मोकळा वळवळू द्यावा. अख्खे गांडूळ लोंबत सोडले तर चिल्लर मासळी खालून कुरतडून नेते आणि आपण रिकाम्या गळाकडे श्रद्धेने पाहत बसतो.

तंगुसाला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बांधावा; विकतच्या रंगीत तरंग्याने मासा नव्हे, पोरे जमतात. धांडा नुसता थरथरला तर चिल्लर. कडेला चालत जाऊन सावकाश बुडाला तर शिंगाळा किंवा वाम असण्याचा संभव, तेव्हा झटका द्यावा. कटला-रोहूची आशा करू नये. कटला पाण्यातले बारीक जीव गाळून खातो, रोहूचा ओढा शाकाहाराकडे. गांडूळ पाहून तो जेवणावरून उठून जातो. हतनूरचे ४१ दरवाजे पावसाळ्यात उघडतात तेव्हा काठाकडे फिरकूच नये, गांडूळ कितीही उत्तम असो.

बऱ्याच धरणांतली मासेमारी सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. तिथल्या माणसाला आधी विचारावे, आणि तो कुठे बसायचे म्हणेल तिथेच बसावे. त्याचे घराणे बहुधा पिढीजात भोई असते, तुमचे बहुधा नसते.

उरले बघे. सायकल लावून एकजण मागे उभा राहीलच आणि विचारील, “लागना का काही?” याला ‘नाही’ म्हटले तर तो स्वतः काठी धरतो, ‘हो’ म्हटले तर पिशवी उघडून पाहतो. “आत्तेच सुटी गया” एवढेच म्हणावे आणि डबा उघडून पुढचे गांडूळ काढावे.