चारित्र्याचा दाखला, एसजीपीटीसह

रक्ततपासणीच्या रिपोर्टात ठळक अक्षरांत छापलेलं असतं, तेवढंच नातेवाईक वाचतात. माझ्या रिपोर्टात लिव्हरचे दोन आकडे, एसजीपीटी ७८ आणि एसजीओटी ४६, ठळक होते. दोन्हींची मर्यादा साधारण ४०. रिपोर्ट घरच्या ग्रुपवर गेला आणि माईमावशीचा फोन आला. अत्यंत मायेने तिने विचारलं, "कधीपासून रे?"

माझ्या पोटात आजवर गेलेलं सगळ्यात कडक पेय म्हणजे आल्याचा चहा. पण लिव्हर बिघडलं की आपल्याकडे तपास होत नाही, थेट निकाल लागतो. खालच्या मजल्यावरचे अण्णा रोज संध्याकाळी 'औषधापुरती' घेतात. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मर्यादा पाळावी माणसाने." शेजारच्या काकू गुळवेलीचा काढा घेऊन आल्या. मी प्यायल्याशिवाय त्या जाईनात.

डॉक्टरांनी आधी तो काढा बंद केला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं होतं, असं ते म्हणाले. मग त्यांनी आकडे समजावले. एसजीपीटी आणि एसजीओटी ही एन्झाइम्स लिव्हरच्या पेशींच्या आत असतात. पेशी दुखावल्या की रक्तात झिरपतात. छताला ओल दिसली म्हणून वरच्यांचा नळ फुटलाय की पाइप, हे जसं कळत नाही, तसंच हे. त्यातही एसजीओटी स्नायूंमध्येही असतं. माझ्या भाच्याने जिममध्ये जोरात वजनं उचलली आणि दुसऱ्या दिवशी रक्त दिलं, तेव्हा त्याचंही वाढलं होतं. त्याला घरातून बदाम मिळाले, मला उपदेश.

"दारूने लिव्हर बिघडलं, तर बहुतेक वेळा एसजीओटी जास्त असतं, अनेकदा एसजीपीटीच्या दुपटीहून," डॉक्टर म्हणाले. "तुमचं उलट आहे."

हे वाक्य लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी लिहून द्या, अशी मी विनंती केली. त्यांनी त्याऐवजी कावीळ बी आणि सी यांच्या तपासण्या आणि सोनोग्राफी लिहून दिली. काविळी निघाल्या नाहीत. सोनोग्राफीत निघालं फॅटी लिव्हर. ते दुखत नाही, खुपत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कळतही नाही. उपाय काय, तर वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरवायचं. म्हणजे माझ्या ८२ किलोंतले सहा ते आठ किलो. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त.

मग खऱ्या आरोपींची यादी झाली: श्रीखंड, साखरभात, पुरणपोळीवरचं तूप, चार वाजताचा फरसाण आणि त्यानंतरची खुर्ची. यातलं निम्मं मी मागितलेलं नव्हतं, वाढलेलं होतं. पण दारू पाजणाऱ्या मित्राला आपण वाईट संगत म्हणतो आणि तिसऱ्यांदा बासुंदी वाढणाऱ्या मावशीला अन्नपूर्णा.

ही सगळी माहिती घेऊन, निर्दोष सुटल्याच्या थाटात, मी माईमावशीकडे गेलो. तिने आकडे नीट ऐकून घेतले, देवासमोर साखर ठेवली आणि डोळे पुसले.

"म्हणजे तू पीत नाहीस!" ती म्हणाली. "मग घे की वाटीभर बासुंदी. तुला काय होतंय?"