गणपती, गाव आणि ई-पास

२०२० साली, कोरोनाच्या साथीत, मुंबईहून गणपतीला कोकणात जावे की नाही, हा प्रश्न आरोग्याचा कमी आणि अर्जाचा जास्त होता. जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास लागे आणि त्यात सबळ कारण भरावे लागे. गावची ओढ हे कारण सबळ नव्हते. त्यामुळे एरवी ठणठणीत असलेले आजोबा अर्जापुरते अत्यवस्थ होत. चतुर्थी २२ ऑगस्टला होती. चाकरमान्यांचे विलगीकरण १४ दिवसांवरून १० दिवसांवर आणले गेले, म्हणजे दीड दिवसाच्या गणपतीसाठी दहा दिवस पडवीत. एसटीने जाणाऱ्यास पास नको, स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यास मात्र हवा. अनोळखी माणसांत बसायला मोकळीक, घरच्या चौघांना परवाना! (विषाणूलाही हा फरक समजत असावा.) काचेवर पासाची प्रत, डिकीत तांदळाचे पोते, मांडीवर पुठ्ठ्याचे मखर अशी गाडी घाट उतरून पोचली, की वाडीच्या तोंडाशी स्वागताला आडवा बांबू. ई-पासची अट २ सप्टेंबरला उठली. अनंत चतुर्दशी १ तारखेला होती.