कपभर म्हणजे किती ग्रॅम?

‘एक कप क्रीम चीज घ्या’ एवढं लिहून पाककृती मोकळी होते आणि घोळ ओट्यावर सुरू होतो. कप चेपून भरायचा की सैल? सपाट की शीग लावून? फ्रिजमधली घट्ट वडी कपात कोंबली तर कडेला हवा अडकते; तीच मऊ करून भरली तर त्याच कपात जास्त मावते. मऊ चीज मापानं घेऊच नये, वजनानं घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

कपाची सवय अमेरिकेची. फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या ‘बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’नं सपाट कप आणि सपाट चमचा यांचा आग्रह धरला आणि तिथल्या घरांत तो रुजला. दूध, साखर यांना कप चालतो. क्रीम चीजलाही चालल्यासारखा वाटतो, कारण तिथली वडी ८ औंसांची, म्हणजे २२७ ग्रॅमची असते आणि मऊ केली की जवळपास एक कप भरते. हा निव्वळ योगायोग आहे. वडीवरचे औंस वजनाचे, कपाचे ८ औंस द्रव मोजण्याचे. तरीही ‘८ औंस म्हणजे एक कप’ हा हिशेब सरसकट सगळ्या चीजना लावला जातो. कपभर रिकोटा २५० ग्रॅमच्या आसपास भरतं, चुरलेलं फेटा चीज १५० च्या आसपास. फेटून हलकं केलेलं क्रीम चीज डबी भरून दिसतं आणि काट्यावर कमी भरतं. त्यात अमेरिकेचा कप २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५० चा.

‘पाकीट’ हे माप तर त्याहून वाईट. अमेरिकन चीजकेकमधली ४ पाकिटं म्हणजे ९०० ग्रॅमच्या वर चीज. आपण २०० ग्रॅमच्या ४ डब्या घेतल्या की १०० ग्रॅमची तूट पडते, आणि अंडी-साखर मात्र तेवढीच राहते. मग केक सैल का राहिला म्हणून करणारी ओव्हनला दोष देते.

आपल्या श्रीखंडाचीही हीच गत आहे. चक्का दुकानातून किलोवर आणायचा आणि साखर मात्र ‘वाटीला वाटी’ घालायची! २४० मिलिलिटरच्या वाटीत घट्ट चक्का २४० ग्रॅमच्या आसपास बसतो, दाणेदार साखर २०० आणि पिठीसाखर जेमतेम १२०. म्हणजे साखर कुठली घेतली यावर गोडी जवळपास निम्म्यानं बदलते, आणि पाककृतीत नुसतं ‘साखर’ लिहिलेलं असतं. घरच्या चक्क्याचं तर विचारूच नका. दही तासभर जास्त टांगलं की पाणी आणखी निथळतं. टांगलेला चक्का आधी तोलावा, मग साखर ठरवावी.

डिजिटल वजनकाटा काही शे रुपयांत मिळतो. त्यावर रिकामं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि चीज थेट पातेल्यात घ्यायचं. कप धुवायचं कामही वाचतं. पाककृती लिहिणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की ग्रॅम लिहा. कप लिहायचाच असेल तर कंसात लिहा, आणि चीज चुरलेलं, किसलेलं की मऊ करून दाबलेलं, तेही सांगा.