शेलचे अष्टमान आणि महाबळेश्वरचा आठ

टंकलेली आज्ञा वाचून ती संगणकाकडून करवून घेणाऱ्या 'शेल' या प्रोग्रामला हिशेबही करता यावा म्हणून पॉसिक्स प्रमाणकाने १९९२ मध्ये डॉलरच्या चिन्हापुढे दुहेरी कंसाची सोय मान्य केली, आणि 'आपली स्क्रिप्ट कुठल्याही यंत्रावर चालते' असे छातीठोकपणे सांगण्याचा हक्क प्रस्तुत लेखकासह तमाम स्क्रिप्टकारांनी परस्पर स्वतःकडे घेतला. प्रमाणकाची हमी पूर्णांकांपुरतीच असल्याने साताला दोनाने भागले की उत्तर तीन येते आणि अर्धा कोणाच्याच खाती जमा होत नाही. सांगलीच्या हळद बाजारात असा हिशेब कोणी एक दिवसही चालवून घेणार नाही.

परंतु खरा घोळ शून्याचा आहे. सी भाषेकडून आलेल्या नियमानुसार शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान, म्हणजे शून्य ते सात एवढ्याच अंकांत लिहिलेली, समजली जाते. आणि या नियमाची परीक्षा घ्यायला सांगली-सातारा भागातील एसटीडी कोडांइतके (दूरध्वनीच्या क्षेत्रीय क्रमांकांइतके) नामी साहित्य दुसरे नाही. सांगलीचा ०२३३ शेलच्या लेखी १५५ होतो, साताऱ्याचा ०२१६२ निमूटपणे ११३८, कराडचा ०२१६४ होतो ११४० आणि वाईचा ०२१६७ होतो ११४३. इथवर कोणाची तक्रार नसते, कारण उत्तर चुकीचे असले तरी ते बिनबोभाट मिळालेले असते. पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरच्या ०२१६८ पर्यंत पोहोचताच मात्र आठाचा अंक पाहून शेलच्या निरनिराळ्या प्रकारांपैकी बॅश अडून बसतो, डॅश हात वर करतो, आणि झेडशेल त्या शून्याला न जुमानता सरळ २१६८ म्हणून मोकळा होतो. बॅशला '१०#' लिहून दशमानाची तंबी देता येते, पण ती सोय पॉसिक्सची नव्हे आणि डेबियन या लिनक्स प्रणालीवर 'एसएच' या नावाने बसलेल्या डॅशला ती ठाऊकच नाही. सबब सुरुवातीचे शून्य आधीच छाटणे, हा सर्वत्र चालणारा उपाय.

तारखाही अशाच शून्याने सुरू होतात. ज्या मुलखाने प्रतिसरकार चालवले, त्याच्या स्मरणातील 'चले जाव' आंदोलनाची ०९-०८-१९४२ आणि वडूजच्या गोळीबाराची ०९-०९-१९४२, या दोन्ही तारखांचे दिवस आणि महिने बॅश संख्या म्हणून नाकारतो. हुतात्म्यांची यादी लावताना स्क्रिप्ट नेमकी याच ओळींवर थांबावी, याचा येणारा राग विनोदात जिरत नाही.

स्क्रिप्टकारांना विनंती एवढीच की, एसटीडी कोड संख्या न मानता मजकूर म्हणून ठेवावा, आणि स्क्रिप्ट कुठेही चालते असे जाहीर करण्यापूर्वी तिला साताऱ्याचा नव्हे, महाबळेश्वरचा कोड देऊन पाहावा.